ठसका आलाच नाही

माझ्या मुलीला तिच्या पहिल्या वर्षात कोणाचीही दृष्ट लागली नव्हती. हे मी खात्रीने सांगू शकते, कारण दृष्टीच्या सगळ्या मिरच्या माझ्याकडे एका डब्यात होत्या.

ही गोष्ट मी चौदा वर्षं कोणाला सांगितली नाही. मुळात मी फार बोलणारी नाही. (नवरा म्हणतो, बोलत नाहीस तेच बरं. त्याला काय माहीत!) पण आता सांगून टाकते.

आम्ही डोंबिवलीला, मानपाड्याच्या बाजूला राहतो. तिसरा मजला. रेवा पाच महिन्यांची असताना तिला सर्दी झाली आणि डॉक्टरांनी मला बजावलं, "घरात धूर नको. धूप, उदबत्ती, काही नको." मी मान हलवली. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या निवृत्त मुख्याध्यापिका, विज्ञानाच्या.

"बरोबर आहे डॉक्टरांचं," त्या म्हणाल्या. "धूप बंद. फक्त दृष्ट काढत जाऊ."

"पण आई, मिरच्यांचा धूर..."

"तो धूर नव्हे. तो उपाय आहे."

मुख्याध्यापिकेपुढे दुसऱ्यांदा हात वर करायची माझी हिंमत नव्हती.

दृष्ट काढायची त्यांची पद्धत अशी. तिन्हीसांजेला हॉलमध्ये मीठ, मोहऱ्या, सुक्या मिरच्या मुठीत घेऊन बाळावरून उतरवायच्या. मग ती मूठ माझ्या हातात. मी ती न बोलता, मागे न बघता स्वयंपाकघरात न्यायची आणि तापल्या तव्यावर टाकायची. त्या हॉलमध्येच बसणार, बाळाला घेऊन. म्हणजे तव्यावर काय पडतंय हे बघणारं कोणी नाही! पहिल्याच दिवशी मी गॅस पेटवला, तवा ठेवला, उलथनं दोनदा आपटलं आणि मूठ दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यात सोडली. (मी बाळाला पावडरीचं दूध देते हेही सासूबाईंना माहीत नव्हतं. पण एका वेळी एकच कबुली!)

माझं माहेर ठाण्याला, खोपटला. तिथे आई मीठ ओवाळून सरळ पाण्यात सोडायची. त्यामुळे यातली खरी मेख मला माहीतच नव्हती.

हॉलमधून आवाज आला, "टाकल्यास?"

"हो."

मग शांतता. लांबलचक. पंखासुद्धा त्यांनी बंद केला. मी बाहेर येऊन बघते तर सासूबाई नाक वर करून, डोळे मिटून बसलेल्या. चेहरा पांढरा.

"ठसका आला नाही," त्या हळूच म्हणाल्या.

"मग बरं झालं ना, आई?"

"अगं वेडे, मिरच्या जळूनही ठसका येत नाही, म्हणजे दृष्ट मोठी. सगळा तिखटपणा खाऊन टाकला तिने!"

तेव्हाच सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम. मी म्हणाले, "बापरे."

दुसऱ्या दिवशी तीनच्या पाच मिरच्या झाल्या. ठसका नाही. नंतर सात. नाही! आठवडाभराने अकरा मिरच्या उतरवल्या आणि ठसका न आल्यावर सासूबाई चक्क उठून दाराला कडी लावून आल्या. प्रसाद, माझा नवरा, ऑफिसातून आला तर त्याला आधी उंबऱ्यावर पाय धुवायला लावले.

"अगं आई, मी ठाण्याला गेलेलो, स्मशानात नाही!"

"ठाण्याला काय कमी नजरा आहेत?"

आता नजर कोणाची, याचा शोध सुरू झाला. त्यांनी वहीत यादी केली. (मुख्याध्यापिका!) एकेक नाव खोडत शेवटी एक उरलं. निर्मलाकाकू.

निर्मलाकाकू समोरच्या विंगेत राहायच्या. निवृत्त नर्स, नवरा गेलेला, मूलबाळ नाही. रोज पाचला यायच्या. रेवाला ढेकर कसा काढायचा, न घाबरता डोक्यावरून पाणी कसं घालायचं, हे मला त्यांनी शिकवलं. बाळंतपणानंतर मी एकदा बाथरूममध्ये नळ सोडून रडत होते, तर दार न ठोठावता बाहेर स्टूल टाकून अर्धा तास बसून राहिलेली बाई ही.

"रोज म्हणायची, कित्ती गोड गं, खाऊ का तुला," सासूबाई म्हणाल्या. "हे बोलणं आहे?"

"सगळेच म्हणतात, आई."

"सगळ्यांचं ठीक आहे. तिचा जीव अडकलाय त्यात."

मी डब्याकडे बघितलं. डबा ओट्याखाली होता, निम्मा भरलेला. मी तो पायाने आणखी आत सरकवला.

पाचला बेल वाजली. सासूबाईंनी मला डोळ्यांनी खुणावलं. मी दार बोटभर उघडून म्हणाले, "झोपलीय हो काकू." मागे रेवा खदाखदा हसत होती! काकूंनी ते ऐकलं. "झोपू दे, झोपू दे," म्हणाल्या आणि चप्पल न वाजवता गेल्या. असं सहा वेळा झालं. सातव्या दिवशी बेल वाजली नाही. हॉलच्या खिडकीचा पडदाही सासूबाईंनी कायमचा ओढून घेतला.

आणि मग घरात ते सुरू झालं.

रेवा सात महिन्यांची. पाळण्यात पडून स्वतःच्या पायाचा अंगठा खात असायची. पाच वाजले की अंगठा सोडायची. एकदम स्तब्ध. डोळे छताच्या एकाच कोपऱ्यात. मग हात पसरून हसायची, कोणी ओळखीचं आल्यासारखी. मी वर बघितलं की काही नाही. रोज पाच. एका दिवशी मी मुद्दाम तिच्याशेजारी आडवी झाले, आणि मला दिसलं. एक गोल, फिकट उजेड. पडद्याच्या वरच्या फटीपाशी उमटला, थरथरत छतावर सरकला, पंख्याला वळसा घालून बरोबर पाळण्याच्या वर येऊन थांबला. रेवाने हात हलवला. उजेडानेही हलवला!

मी रेवाला उचलून छातीशी धरलं. मी एम.एस्सी. आहे. (सासूबाईही विज्ञानाच्या. घरात एवढं विज्ञान असून कोणाला पडदा बाजूला करून बघायचं सुचलं नाही.)

"बघितलंस?" दारातून सासूबाई कुजबुजल्या. "मी चार दिवस बघतेय. तू घाबरशील म्हणून बोलले नाही."

त्या क्षणी मला पक्कं वाटलं, मिरच्या जाळल्या नाहीत म्हणून हे आलंय. जे काही उतरवलं, ते जळलंच नाही, डब्यात साठत गेलं आणि आता डब्यातून निघून छतावर फिरतंय! त्या संध्याकाळी ओट्याखालून मोहऱ्या सरकल्याचा आवाज आला असं मी शपथेवर सांगेन. (उंदीर होता. पण ते नंतर कळलं.)

रविवार होता दुसऱ्या दिवशी. पाचच्या आतच मी प्रसादला म्हणाले, "रेवाला खाली घेऊन जा. आत्ता."

"अगं, मॅच लागलीय..."

"जा म्हटलं ना!"

तो गेला. मी गॅस मोठा केला, लोखंडी तवा लाल होईपर्यंत तापवला, डबा काढला आणि दोन महिन्यांचा सगळा साठा एका दमात उपडा केला.

पुढचं काय सांगू! मोहऱ्या बंदुकीसारख्या उडाल्या. तिखट, काळा धूर आधी माझ्या डोळ्यांत गेला, मग हॉलमध्ये, मग जिन्यात. सासूबाई खोकत, शिंकत, रडत उभ्या राहिल्या आणि आनंदाने ओरडल्या, "आला! आला गं ठसका! सुटली!"

एव्हाना चौथा मजला खोकत होता. दुसरा शिंकत होता. आमच्या भागात कसलाही वास आला की लोक आधी कारखान्यांचं नाव घेतात. सेक्रेटरी बनियनवर जिन्यातून धावले, "गॅस सुटलाय! ओला रुमाल लावा! सगळे खाली!" अख्खी विंग नाकाला टॉवेल लावून पार्किंगमध्ये. कोणी देव घेऊन उतरलं, कोणी कुकर. मीही उतरले. कोणीतरी विचारलं, "तुमच्याकडे जास्त आला का हो वास?" मी म्हणाले, "फारच."

खाली प्रसाद गोंधळून उभा होता आणि रेवा होती निर्मलाकाकूंच्या कडेवर. काकू गडबड ऐकून होत्या तशा धावत आल्या होत्या. हातात पातेल्यावरची स्टीलची झाकणी. पाचचं ऊन त्या झाकणीवर पडत होतं आणि समोरच्या भिंतीवर एक गोल, फिकट उजेड थरथरत होता. रेवा त्याला हात हलवत होती.

"काकू," मी झाकणीकडे बोट दाखवलं, "हे..."

"अगं, मी येते तेव्हा ती नेमकी झोपलेली असते ना," काकू म्हणाल्या. "म्हटलं, आपल्या बाल्कनीतूनच खेळवावं. याचा आवाज होत नाही. झोप मोडत नाही तिची."

तेवढ्यात डोळे पुसत सासूबाई आल्या. ठसक्याने मन फार मोठं झालं होतं त्यांचं. म्हणाल्या, "निर्मलाताई, झालं गेलं विसरू. उद्यापासून या खेळायला."

"येते की. पण झालं काय होतं?" काकूंनी माझ्याकडे बघून विचारलं.

मी कारखान्यांच्या धुराड्यांकडे बघत राहिले. नंतर सोसायटीने हवेच्या प्रदूषणाविरुद्ध जो अर्ज दिला, त्यावर पहिली सही माझी आहे.

सासूबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. काकू आता शहात्तर वर्षांच्या. ज्या नजरेवर आम्ही आळ घेतला, तिचं मागच्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यांत थेंब घालायला मी रोज जाते. परवा थेंब घालता घालता सगळं सांगून टाकलं. त्यांचे डोळे मिटलेले होते म्हणूनच जमलं.

गालावर ओघळलेला थेंब त्यांनी पदराने टिपला. मग म्हणाल्या, "झोपलेली नसायची, ते माहीत होतं गं मला. हसायचा आवाज यायचा. मला वाटायचं, माझंच काही चुकलं."

चौदा वर्षं ही बाई स्वतःची चूक शोधत होती! मी रडायला लागले. काकू उठल्या, स्वयंपाकघरात चाचपडत मिरच्या शोधल्या, म्हणाल्या, "इतकी वर्षं मनात ठेवलंस? बस इथे. तुझीच काढते." माझ्यावरून सात मिरच्या उतरवल्या आणि माझ्या डोळ्यांदेखत तव्यावर टाकल्या. मिरच्या काळ्या पडल्या. धूर निघाला. खिडकी बंद, पंखा बंद. आम्ही दोघी वाट बघत उभ्या.

ठसका आला नाही.

ना मला, ना त्यांना! काकूंचा चेहरा हळूहळू पांढरा झाला. "अगं बाई," त्या कुजबुजल्या, "तुला कोणाची लागली?"

आता अठ्ठेचाळीस वय, गुडघे वाजतात, केस मेंदीवर तगलेत. मला कोण कशाला दृष्ट लावेल? मी एम.एस्सी. आहे, असल्या गोष्टी मानत नाही. पण काल लिफ्टमध्ये सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, बारीक झालात!" आणि संध्याकाळी मेंटेनन्सच्या मीटिंगचं सांगायला त्यांनी बेल वाजवली, तेव्हा मी दार न उघडता आतूनच ओरडले, "झोपलेय हो मी!"