झॅन्थेटची खोली

तांब्याच्या कारखान्यात फेसाच्या टाक्यांवर काम करणाऱ्या ताईनंच धाकट्या भावाला तिथं रसायनांच्या खोलीत चिकटवलं होतं. कामही तिनंच शिकवलं.

"हे पिवळे दाणे झॅन्थेटचे. दळलेल्या दगडाच्या गाळात हे पडलं, की तांब्याच्या कणांना पाणी नकोसं होतं. मग ते बुडबुड्यांना बिलगून वर येतात. चुना कमी पडला, तर नको असलेलं लोखंडही फुकटात वर चढतं. आणि या तेलानं फेस टिकतो. जास्त झालं, तर उतू जातो."

"म्हणजे तुझ्या रागासारखा," भाऊ म्हणाला. ताईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला.

एक गोष्ट तिनं बजावली होती. झॅन्थेटला ओल लागू द्यायची नाही, त्यातून विषारी वाफ सुटते.

ओल आली ती छपरातून. पत्रा गळतोय, हे भावानं साहेबांच्या कानावर घातलं होतं. "बघू," म्हणाले, आणि विसरले. एका सकाळी झॅन्थेटची पिंपं भिजलेली दिसली. कुणाला हाक न मारता भाऊ ती कोरड्यात ओढू लागला. लोकांनी त्याला बाहेर काढलं, तेव्हा तो बेशुद्ध होता.

दवाखान्यात तो एकदाच बोलला. "ताई, मी भिजू दिलं नव्हतं गं."

"ठाऊक आहे रे, राजा."

संध्याकाळी तो गेला.

ताईला एकच गोष्ट खात राहिली. ओल लागू देऊ नकोस, एवढंच मी म्हणाले. लागलीच तर पळ, हे सांगायचं राहून गेलं.

कारखान्यानं भावजयीला नोकरी देऊ केली, तीही त्याच खोलीत. पत्रा नवा घातला होता म्हणे.

"तिथं पाऊल टाकायचं नाहीस," ताई म्हणाली.

"मग पोरीला काय खाऊ घालू, वन्सं?"

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे उभी राहून ताईनं अदलाबदल मागितली: भावजय टाक्यांवर, आपण खोलीत. साहेबांनी मान वर न करता होकार दिला.

भावजयीच्या पहिल्याच पाळीत टाकीवरून हाक आली, "वन्सं, फेस बसतोय!"

ताईनं तेलाची तोटी किंचित सैल केली. "आता?"

"धरतोय."

काळपट, चमकता फेस काठावरून ओघळू लागला. त्याच्याकडे बघता बघता भावजयीनं कठड्यावर डोकं टेकलं. तिचे खांदे हलत होते. ताईला धावत जावंसं वाटलं. पण पिंप उघडं होतं. तिनं आधी झाकण दाबून घट्ट बसवलं, हात पुसले, आणि मग ती गेली.