या रविवारी कोणी नाही

माझ्या आत्याइतकं थोडं चालून इतक्या माणसांना चालतं करणारं माणूस सगळ्या माळव्यात दुसरं झालं नसेल. निवृत्त झाल्यावर लोक काशी-रामेश्वर करतात. धारच्या मुलींच्या शाळेतून सुटल्यावर आत्यानं मांडूच्या फेऱ्या सुरू केल्या. ज्यांनी जन्मात भाजीबाजारापलीकडे पायपीट केली नाही अशांना महिन्यातल्या एका रविवारी गोळा करायचं आणि मांडू गावाभोवती हिंडवून आणायचं. पातळ घोट्याच्या वर खोचलेलं, पायांत शाळकरी पोरांचे पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात पीटीच्या बाईंकडून कायमची उसनी आणलेली शिटी. ती शिटी लोकांना चालवायला नव्हे, बसवायला वाजायची. पीथमपूरच्या कारखान्यातला एक तरुण इंजिनियर एकदा भराभर पुढे निघाला, तर तिनं शिटी फुंकून त्याला परत बोलावलं. "काय भिया, आग लागली का कुठे?" आणि सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या त्याच्या पाठीवर लादल्या. "हां, आता चाल. बघू कसा पळतोस ते."

जहाजमहाल, मकबरे, सुलतान यांच्याशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. "ते गाईड सांगतात. मी बसायच्या जागा सांगते." तिच्या मांडूचा इतिहास दमलेल्या माणसांचा होता. जो जिथे पहिल्यांदा मटकन बसला, ती जागा त्याच्या नावाची. गोरखचिंचेच्या अजस्र बुंध्याशी ती हात जोडायचे तेवढे बाकी ठेवायची. "हे ढवळेवहिनींचं. दोन्ही गुडघे गेलेले, तरी इथवर आल्या बरं का!" तलावाच्या काठी एक दगड होता. "इथे बँकेतले जोशीसाहेब बसले आणि म्हणाले, मला सोडा, तुम्ही पुढे जा." हे ती अशा आवाजात सांगायची की साहेब तिथे रणात पडले असावेत. मुलं डोळे मोठे करून विचारत, "आत्या, फिर क्या हुआ?" "फिर काय? पोहे खाल्ले आणि उठले!"

लोकांचे फोन माझ्याकडे यायचे. नावं घ्यायची, जीप ठरवायची आणि सगळ्यांच्या मागून चालायचं, एवढं माझं काम.

एका हिवाळ्यात दरीच्या कडेला ती थांबली. शिटी ओठांत, पण वाजेना. मंडळींना वाटलं, बसायची जागा आली. सगळे हसत खाली बसले. मी जवळ गेलो तर तिनं माझी बाही धरली आणि अगदी हळू विचारलं, "बाळ, गाव कुठल्या अंगाला रे?" मी नजरेनंच दाखवलं. ती निघाली. कुणाच्या काही लक्षात आलं नाही, पण जीपमध्ये बसेपर्यंत तिनं माझी बाही सोडली नाही.

डॉक्टर जे बोलले ते मी तिला सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात नेहमीसारखी नावं आली. फोन करणाऱ्यांना मी म्हणालो, आत्यानं फेऱ्या बंद केल्या. आणि तिच्याकडे जाऊन म्हणालो, "आत्या, या रविवारी कोणी नाही."

'तू वाट विसरतेस' हे तिच्या तोंडावर म्हणायची माझी छाती नव्हती. शिवाय, हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही, रविवार मोकळा मिळाला तो मला आवडला. खरं तर तिला थांबवायचं कारणच नव्हतं. कुणीतरी तिच्या शेजारून चालायला हवं होतं, इतकंच. तेवढं मला जमलं असतं.

त्यानंतर प्रत्येक महिन्याला बूट घालून ती ओट्यावर बसलेली असायची. "आलं का रे कुणाचं नाव?"

"नाही आत्या."

"परीक्षा असतील पोरांच्या." कधी म्हणायची, "लग्नसराई आहे, कोण येणार?" लोकांच्या वतीनं सबबी तीच शोधायची. एकदा मात्र तिनं मला जवळ बसवून घेतलं. "तू माझ्यासाठी लोकांच्या विनवण्या करत फिरतोस, बरं नाही दिसत ते. कंटाळले असतील रे. माझंही बोलणं तेच ते होत असणार. आता नको विचारूस कुणाला." आणि माझीच समजूत घालावी तसा माझ्या पाठीवरून हात फिरवला.

गेल्या वैशाखात ती गेली. भेटायला आलेल्यांत पीथमपूरच्या एक बाई होत्या, फेऱ्यांना बरोबर आणायच्या त्या दोन्ही मुलींना घेऊन आलेल्या. निघताना दाराशी घुटमळल्या. "भाऊ, एक विचारू? आत्यांनी फेऱ्या का बंद केल्या? ह्या दोघी सारख्या बडबड करायच्या, त्याचा राग आला का त्यांना?"

मी म्हणालो, "तब्येत बरी नसायची." त्यांनी मान हलवली, पण मोठीला ते पटलं नसावं. ती खाली बघत चपला घालत राहिली.

बाई, तुमच्या मुलींचं काहीच चुकलं नव्हतं. त्यांना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात. तेव्हा हे तुम्हीच त्यांना वाचून दाखवा. म्हणावं, आत्या तुमच्यावर रागावली नव्हती. ती तुमची वाट बघत होती.