चूकबाई

आमच्या मानवतच्या शाळेत जीवशास्त्राच्या बाई कौतुक करू लागल्या, की ज्याचं कौतुक चाललंय तो घाबरायचा. "वा हेडमास्तर, मुतारीला दार बसवलंत म्हणे. नातवंडांच्या वेळेपर्यंत पाणीही येईल." मी तिथे मराठी शिकवायचे आणि स्टाफरूममध्ये बाईंच्या शेजारी बसायचे, त्यामुळे हे कौतुक माझ्या वाट्याला रोज यायचं.

मुलं त्यांना चूकबाई म्हणायची, ते उत्परिवर्तनाच्या धड्यामुळे. "पेशी दोन होताना आतल्या मजकुराची नक्कल करते," त्या सांगायच्या. "नक्कल म्हटली की चूक आलीच, हे बोर्डाला बसणाऱ्यांना मी काय सांगू? बऱ्याच चुका आपोआप होतात, काही क्ष-किरणांनी, काही विषारी रसायनांनी. बहुतेक कुणाला कळतही नाहीत. काही नडतात, एखादी कामी येते. तुमच्या बाबतीत आपण वाट बघू."

नामांतराच्या बंदमुळे एस.टी. थांबल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. आमचे क्लार्क वामनराव यांच्या बायकोला, सुमनला, दुसऱ्या खेपेला मुलगा झाला. केस पांढरे, पापण्या पांढऱ्या, उजेडात डोळे मिटून घ्यायचा. वामनरावांच्या आईनं निकाल दिला, सुमननं ग्रहणात विळी धरली. शेजारणींचा निकाल त्याहून घाण होता. गाड्या सुरू झाल्या की सुमनला बाळासकट जिंतूरला माहेरी पोचवायचं ठरलं.

बाई मला घेऊन वामनरावांच्या घरी गेल्या.

"मावशी, विळीनं मूल एवढं गोरं होत असतं, तर क्रीम विकणारे उपाशी मेले असते."

म्हातारी म्हणाली, "तुमी शिकल्याल्या. पण दोष सुनंच्याच घरचा हाय."

"कोणाचं घर ते?"

"माझ्या भावाचं. भाचीच हाय माझी ती."

"म्हणजे तुमचंच माहेर. उत्तम. चुकलेली नक्कल एकाच बाजूनं आली तर झाकून राहते. आई आणि बाप दोघांकडून आली तरच मूल असं होतं. तुमच्या मुलाला ती कुठून मिळाली, हे मी परक्या बाईनं कशाला बोलू?"

वामनराव भिंतीकडे बघत बसले. म्हातारी हळू म्हणाली, "माझ्या बापाचा एक भाऊ असाच होता. किसनकाका. पाव्हणे आले की त्याला आत घालून कडी लावायचे. ल्हान होते तवा मीच लावायचे."

बाईंच्या ओठांवर काहीतरी टोचरं आलं होतं, मला दिसलं. पण त्यांनी ते गिळलं. "बाळाला उन्हात टोपी घाला," त्या म्हणाल्या. "नजर कमजोर असेल, ती तपासून घ्या. बाकी पोर धडधाकट आहे."

सुमन दाराआडून बाहेर आली. "पुढचं बी असंच व्हईल का, बाई?"

"दर खेपेला चारात एक शक्यता. खोटं सांगून तुझं समाधान करणार नाही."

गाड्या सुरू झाल्या, सुमन मात्र घरीच राहिली. लांबलेल्या बारशात म्हातारीनं वामनरावांच्या बहिणीला बाजूला सारलं, स्वतः पाळण्यात वाकली आणि नाव ठेवलं किसन. त्याला कडेवर घेऊन ती भर बाजारातून फिरायची. कुणी टक लावून बघितलं तर थांबून सांगायची, "माझ्या काकावर गेलाय."

बाई पुढे निवृत्त होऊन नांदेडला बहिणीकडे गेल्या आणि तिथेच वारल्या. बातमी सांगायला मी गेले, तेव्हा म्हातारी ज्वारी निवडत होती. हात थांबले.

"लय टोचून बोलायची," ती म्हणाली. "आता कोण बोलतंय तसं?"