साडूंची रबरी नळी

जगातील प्रत्येक यंत्राला फुप्फुसे असतात आणि ती तपासण्याचा अधिकार विधात्याने केवळ आपल्या उजव्या कानाला दिला आहे, असा माझ्या साडूंचा ठाम समज आहे. यवतमाळलगत लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचे पत्र्याचे गॅरेज आहे. टर्बो बसवलेल्या डिझेल गाड्यांवर त्यांचा विशेष जीव. हवा ओढताना असे इंजिन शिट्टी मारू लागले, की दोन हात रबरी नळीचे एक टोक कानात घालून, दुसरे पाइपांवरून फिरवीत ते डोळे मिटतात. ही नळी लग्नकार्यातही त्यांच्या खिशात असते. एका लग्नात सारे अक्षता टाकीत असताना हे मांडवामागे जनरेटरचा श्वास ऐकत होते. घरी बैठकीत बसल्या बसल्या ते स्वयंपाकघरातला कुकर ऐकत आणि "रिंग ढिली झाली त्याची!" असे ओरडत, मेहुणीबाई रिंग बदलेपर्यंत चहाला हात लावीत नसत.

तपासणीपूर्वी त्यांचा एक नियम असे. गाडीच्या मालकाने तो आवाज आधी तोंडाने काढून दाखवायचा. "तुमी रोज ऐकता, मी आज ऐकून राह्यलो," हे त्यामागचे शास्त्र. एका बड्या अधिकाऱ्याने आढेवेढे घेतले, तेव्हा "साहेब, डाक्टरपाशी खोकलता का नाही? मंग इथं कायले लाजता?" असे म्हणून त्यांना भर दुपारी शिट्टी मारायला लावली होती. मी महाविद्यालयात आयुष्यभर शिकवले, पण हजेरीसुद्धा हळू आवाजात घेतली. "भाऊजी, तुम्हीच ऐका ना," म्हणून मी नेहमी सुटका करून घेत असे. "घ्या! अन् हा मानूस बोलायचा पगार खात होता," असे ते सगळ्यांदेखत म्हणत.

गेल्या हिवाळ्यात माझी गाडी आर्णी रस्त्यावरच्या चढाला लागली, की शिट्टी मारू लागली. एके दिवशी साडूंना ऐकवायला नेले; ते शेजारी, कान खिडकीबाहेर काढून बसले. शिट्टी अशी, की शेळ्या राखणाऱ्या माणसाने वळून पाहिले. "काहीच नाही," साडू म्हणाले. "इंजिन झकास हाय. कान तपासून घ्या, प्रोफेसर." मी सवयीप्रमाणे गप्प बसलो. परत आल्यावर त्यांच्याकडे चहा घेताना आत कुकरची रिंग उघडउघड फुसफुसत होती, आणि साडू शांतपणे बशी ओठाला लावून बसले होते. तेव्हा माझ्या ध्यानात आले. बारीक, उंच आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचेनासे झाले होते. ज्या माणसाची सारी ऐट एका कानावर उभी, त्याला हे सांगायचे कोणी?

मी सांगितले नाही. पुढच्या रविवारी गॅरेजमध्ये जाऊन बॉनेट उघडले आणि म्हणालो, "भाऊजी, आज मी आवाज काढून दाखवतो." त्यांनी नळी बाजूला ठेवली. ती उंच शिट्टी मी माझ्या जाड, खालच्या आवाजात उतरवली. प्रथम हळू, मग शेजारचा वेल्डर काम थांबवून पाहू लागेल इतक्या जोरात.

"चढावरच होते?"

"हो."

"एक्सिलेटरवरचा पाय काढला का बंद होते?"

"लगेच."

ते हसले नाहीत. टर्बोची दाबलेली हवा नेणारा जाड रबरी पाइप त्यांनी वाकवला. त्याच्या खालच्या अंगाला ओठांसारखी चीर उघडली. "जोर पडला का फाकते हे," ते म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता नळी पुसू लागले. "त्या दिवशी चढावर होती नं शिट्टी?"

"होती."

"मंग काहून नाही बोल्ले?"

त्यांनी नळी माझ्या हातात दिली.

आता रविवारी ती नळी माझ्या कानात असते. मी ऐकतो आणि खालच्या पट्टीत काढून दाखवतो; दोषाचे निदान अर्थातच त्यांचे. परवा एका गाडीची शिट्टी काढताच ते डोळे मिटून बसले. दोष त्यांना केव्हाच कळला होता, कारण बोटे आधीच पाना चाचपीत होती. तरी म्हणाले, "अजून एक डाव, प्रोफेसर."

मी काढली. जरा लांबवली.