बावीस लाल दोरे

वाल्मीक घड्याळ उजव्या मनगटावर बांधायचा, तबकडी आतल्या बाजूला. चहा बशीत ओतायचा नाही. कढत कप तसाच दोन घोटांत संपवायचा. कुणाशी बोलताना डोळ्यांकडे पाहायचा नाही, ओठांकडे पाहायचा. अनोळखी कुत्रं दिसलं की त्याच्याकडे पाठ करून उकिडवा बसायचा आणि वाट पाहायचा. खिशात भाकरीचा तुकडा असायचाच. ‘झालं’ हा शब्द मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नाही. तो म्हणायचा, “अजून बघू.”

पौडला दोन वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो. बी.ए. होऊन मी तिथल्या शाळेत मराठी शिकवायला आलो होतो. तो गुरांच्या दवाखान्यात स्टॉकमन होता. घर कासार आंबोलीला, तासाभराच्या वाटेवर. तरी तिकडे फारसा जायचा नाही. वाड्या-वस्त्यांवर जाऊन गुरांना, कुत्र्यांना लस टोचायची हे त्याचं काम. लोक डाक्तर म्हणत. “मी डाक्तर न्हाई, टोच्या हाय,” तो सांगे. “डाक्तर खुर्चीत बसतो. मी कुत्र्याम्होरं बसतो.”

त्याला जाऊन तीन महिने झाले. घडलं तसं सांगतो.

एकोणीसशे एकोणसाठच्या मे महिन्यात मी त्याच्याबरोबर आंबेमाळला गेलो. शाळेला सुट्टी होती, म्हणून. आंबेमाळ म्हणजे डोंगरातली अकरा झोपड्यांची वाडी. पिसाळलेल्या कोल्ह्यांचा त्या बाजूला सुळसुळाट होता, म्हणून वाडीच्या सगळ्या कुत्र्यांना लस द्यायची होती. कुत्री बावीस. सगळी तांबूस, उभ्या कानांची, एकाच कुत्रीच्या वंशातली. एकालाही नाव नव्हतं. कुत्रं कुणा एकाचं नसे, वाडीचं असे.

दुपारपर्यंत बावीसही टोचून झाली. आम्ही पाणी पीत होतो. एक कुत्रं नाक जमिनीवर घासू लागलं. मग पंजाने तोंड ओरबाडू लागलं. मला वाटलं, मुंगी चावली असेल. वाल्मीक भांडं टाकून धावला.

माझ्या डोळ्यांदेखत त्या कुत्र्याचं तोंड बदललं. ओठ जाड झाले. पापण्या फुगून डोळे बुजले. अंगावर जागोजागी केस उभे राहिले, त्यांच्याखाली गांधी उठल्या होत्या. ते ओकलं, लाळ गाळत चार पावलं झोकांडलं आणि आडवं झालं.

बुधा कुऱ्हाडीचा दांडा घेऊन आला. वाडीत त्याचा शब्द चाले.

“पिसाळलंय. सरा बाजूला, डाक्तर.”

वाल्मीक कुत्र्यावर ओणवा झाला. “पिसाळायला आठवडे लागत्यात, बुधा. ह्ये आत्ता झालंय, टोचल्यावर. लस सोसली न्हाई त्याला. मार दांडा, पर आधी माज्या पाठीत मार.”

बुधा थांबला. वाल्मीकने कुत्र्याचा ओठ उचलून हिरडी दाखवली. कागदासारखी पांढरी होती. त्याने पिशवीतून काचेची कुपी काढली, तिचं टोक मोडलं आणि मांडीत सुई दिली. ते अॅड्रेनलिन होतं, बुडती नाडी वर आणणारं. मग डोकं उतरतं ठेवून कुत्रं घोंगडीत गुंडाळलं. कुणीतरी पाणी आणलं. “तोंडात घालू नका, मरंल,” तो म्हणाला. मग समोर बसला. घड्याळ पाहायचा, हिरडी दाबायचा, बोट उचलायचा, रंग परत येतो का ते पाहायचा.

तासाभराने कुत्रं उठलं. कुणी हसलं नाही. माणसं मागे सरकली.

तानुबाई म्हणून एक म्हातारी होती. तिच्याकडून वाल्मीकने लाल दोरा मागून घेतला आणि कुत्र्याच्या गळ्यात बांधला. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “ह्याला पुन्हा कधी टोचायचं न्हाई. दुसऱ्या खेपेला ह्ये मला कुपी फोडूसुदिक द्यायचं न्हाई. दोरा सोडू नका.”

कुणी दोरा सोडला नाही.

त्या थंडीत बुधाचा भाऊ सावळ्या पाण्याला भिऊन मेला. खालच्या वाडीतलं कुत्रं चावलं होतं. त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढच्या मार्चमध्ये आम्ही पुन्हा गेलो. वर्ष होत आलं की लस परत द्यावी लागे. वाडीच्या तोंडाशी वाल्मीक थांबला. मीही थांबलो.

झाडाखाली कुत्री बसली होती. एकही भुंकलं नाही. बावीस कुत्री, आणि प्रत्येकाच्या गळ्यात लाल दोरा.

“कुनी केलं ह्ये?” वाल्मीकने विचारलं.

“आमी समद्यांनी,” तानुबाई म्हणाली.

“मावशी, मी एकाला बांदला हुता. त्ये कंचं?”

तिने जवळच्या कुत्र्याच्या गळ्यातला दोरा नीट केला.

“मावशी, टोचलं तर मरंल त्ये.”

“म्हनूनशान तर बांदलं.” म्हातारी शांतपणे बोलत होती. “त्ये जाऊन माघारी आलं, लेका. माघारी आल्यालं दावायचं नसतं. नेनारा त्येला हुडकत असतो. एकाच्या गळ्यात खून दिसली की झालं त्याचं काम. आता बावीस हायेत. बसंल हुडकत.”

“मला तरी सांग. हळूच.”

“तुला सांगितलं म्हंजे त्याला सांगितलं.”

बाकीचे जमिनीकडे पाहत होते. वाल्मीकने प्रत्येकाला विचारलं. बुधालाही विचारलं. तो एवढंच म्हणाला, “टोचल्याबिगर जायचं न्हाई, डाक्तर. माजी पोरं ह्याच कुत्र्यांत झोपत्यात.”

वाल्मीक माझ्याकडे वळला. “मास्तर, तुमी बघितलं हुतं. कंचं?”

मी एकेक कुत्रं पाहिलं. मला फक्त तो सुजलेला चेहरा आठवत होता. त्याखालचा खरा चेहरा मी पाहिलाच नव्हता. त्यानेही नव्हता.

दवाखान्यातून त्याला अॅड्रेनलिनची एका वेळी एकच कुपी मिळे. त्याने ठरवलं, एका वेळी एकच कुत्रं. टोचायचं आणि तासभर समोर बसायचं. तालुका फिरून रविवार उरे, म्हणून रविवारी तीन. पुण्याच्या गाडीने बर्फ यायचा, त्यात लस ठेवून तो पहाटेच निघायचा. वाडीला त्याने एक नियम घालून दिला: तो बसला असताना कुणी जवळ यायचं नाही, बोलायचं नाही, हाक मारायची नाही. माणूस हलला की कुत्रं धापा टाकतं आणि हिरडीचा रंग कळत नाही. तो उठेल तेव्हाच दुसरं, न टोचलेलं कुत्रं आणायचं.

पहिले तीन रविवार मी बरोबर होतो. भर उन्हात अकरा झोपड्यांची दारं लोटलेली असायची. फटींतून डोळे. झाडाखाली एक माणूस आणि एक कुत्रं समोरासमोर. बाकीची कुत्री ओळीने बसून पाहत. मी दूर दगडावर. तास संपून कुत्रं शेपूट हलवत निघून गेलं की मला हायसं वाटायचं. त्याला नाही.

“नऊ झाली,” तिसऱ्या रविवारी उतरताना मी म्हणालो. “चांगलं चाललंय.”

“कसलं चांगलं, मास्तर? पयल्या दिवशी बाविसातलं एक हुतं. आता तेरातलं एक हाय. एक वाचलं की बाकीच्यांकडं मरान सरकतं.”

थोडं चालल्यावर म्हणाला, “मला त्ये तोंड प्रत्येकाला दिसतं. टोचायच्या आदीच. वट जाड. डोळं बुजल्यालं. मी डोळं पुसतो, मग बरूबर दिसतं.”

“मग सोड ना. बाकीची राहू देत.”

“सावळ्याला मी शेवटच्या दिवशी बघितलाय,” तो म्हणाला.

चौथ्या रविवारी बारा झाली. त्या आठवड्यात तो खोलीत भिंतीकडे तोंड करून बसे. मी विचारलं, छातीत दुखतंय का? हात तिथे होता म्हणून. म्हणाला, “अजून बघू.” मी परीक्षेचे पेपर तपासत होतो. पुन्हा विचारलं नाही.

पाचव्या रविवारी पेपर उरले होते म्हणून मी गेलो नाही. पुढचं तानुबाईने सांगितलं.

त्याने तेरावं कुत्रं टोचलं आणि समोर बसला. दारं लोटली गेली. तासाने कुत्रं उठलं, आळस दिला आणि सावलीत जाऊन निजलं. तो बसून राहिला. वाडीला वाटलं, त्याला अजून काही पाहायचं असेल. नियम होता. कुणी गेलं नाही, कुणी हाक मारली नाही. झाडाची सावली सरकली. ऊन आधी त्याच्या पायांवर आलं, मग मांडीवर, मग तोंडावर. त्याने डोळे मिटले नाहीत. तेव्हा बुधा दाराबाहेर आला.

कुपी त्याच्या मुठीत होती, न फोडलेली. पौडचे डॉक्टर म्हणाले, हृदय. वय एकतीस.

“वट सुजलं नव्हतं डाक्तरचं,” तानुबाईने मला आपणहून सांगितलं. “मी उचलून बघितलं. हिरडीपन.”

मी तिला विचारलं, “मावशी, त्या तेरांत ते होतं का?”

“न्हाई,” म्हणाली. इतकंच.

जुलैत नवा स्टॉकमन आला. चांगला पोरगा आहे. वाल्मीकची टोचणीच्या नोंदींची वही मी त्याला दिली आणि सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, “पण त्या नवांतलं कुठलं, ते कळलं पाहिजे ना?” पाऊस उघडला की जातो म्हणाला. वाट बंद आहे.

आंबेमाळची नऊ कुत्री टोचायची राहिली आहेत.