अठरावी साडी

वन्यप्राणी आणि शेतकरी यांच्यातील संघर्ष हा विषय मी शाळेत पुष्कळ वर्षे शिकवला. फळ्याच्या डाव्या बाजूला कारणे लिहीत असे आणि उजव्या बाजूला उपाय. निवृत्तीनंतर शेती स्वतः पाहू लागलो, तेव्हा उजव्या बाजूचे अक्षर न् अक्षर पुसले गेले.

आमचे शेत ज्ञानगंगा अभयारण्याला लागून आहे. अलीकडे आमचा हरभरा, पलीकडे जंगल आणि मध्ये नाला. घाट्यांत दाणे भरू लागले, की नाला ओलांडून रोही येतात. रोही म्हणजे पुस्तकातली नीलगाय. येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. हा प्राणी गाय नाही, आणि मोठा नर वगळता निळाही नसतो. हरभरा मात्र नर-मादी दोघेही सारखाच खातात.

यावर आमच्याकडे एक उपाय रूढ आहे. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बांबू रोवायचे आणि जुन्या साड्या ताणून बांधायच्या. कापड वाऱ्याने हलले, की माणसे उभी असल्याचा जनावरांना भास होतो. निदान आपला तसा समज आहे. रोहींना कोणी विचारलेले नाही.

गेल्या माघात पत्नीच्या भावाच्या मुलीचे लग्न वडनेर भोलजीला होते, रविवारी. पापड, शेवया आणि रुखवताच्या कामासाठी पत्नी आठवडाभर आधीच तिकडे गेली. गुरुवारी परत येऊन लग्नाचे कपडे आणि मला घेऊन जायचे, असे ठरले होते. निघताना तिने एक गाठोडे माझ्यापुढे ठेवले.

"ह्या जुन्या साड्या काढून ठेवल्या. याच्यातल्याच न्या."

मंगळवारी सकाळी मी नाल्याकडची बाजू फीत लावून मोजली. ती नव्वद मीटर भरली. साडी साधारण साडेपाच मीटरची असते. दोन्ही टोकांच्या गाठींत अर्धा मीटर जातो, उरतात पाच. म्हणजे अठरा साड्या लागणार. गाठोड्यात सतरा होत्या.

शेतशेजारी मदतीला आला होता. तो म्हणाला, "गुर्जी, सोडून द्या ना तेवढं. पाच मीटरनं काय होते?"

"अरे, रोही काय सतरा साड्या ओलांडून येईल? तो त्या पाच मीटरमधूनच येईल ना."

घरी येऊन मी पत्नीची लोखंडी पेटी उघडली. निवड करताना काही निकष हवा, म्हणून मी असा नियम केला: जी साडी गेल्या तीन वर्षांत एकदाही नेसलेली पाहिली नाही, ती निरुपयोगी. नियमात एकच साडी बसली. डाळिंबी रंग, जरीचे काठ, घडीही न मोडलेली. मी वहीत नोंद केली आणि ती अठराव्या जागी बांधली. कुंपण फार देखणे दिसत होते.

बुधवारी सकाळी शेजारी धावत अंगणात आला.

"गुर्जी! तुमचा रोही साडी नेसून गेला!"

"नीट क्रमाने सांग."

"काय क्रमानं सांगू? मोठा नर होता. साडीत मुंडकं घातलं, गाठी सुटल्या, गळ्याभोवती वेढा बसला. मंग पाठीवर पदर घेऊन जंगलात. पाय असा टाकत होता, जशी नवी सूनच!"

त्याने मोबाईल पुढे केला. दृश्य स्पष्ट होते. पदर डाव्या खांद्यावरच होता, ही गोष्ट मला विशेष वाटली. हरभरा शाबूत होता, म्हणून मी वहीत समाधानाने लिहिले: हानी, एक साडी.

गुरुवारी दुपारी पत्नी एसटीने आली, पाणी प्यायली आणि पेटी उघडून बसली.

"डाळिंबी साडी कुठं हाय?"

"कोणती?"

"कोणती म्हणजे? माह्या आईनं देल्ली ते!"

मी वही तिच्यापुढे धरली. अनुक्रमांक अठरा, रंग डाळिंबी, शेरा: वापरात नाही.

"वापरात नाई?" ती वहीकडे आणि मग माझ्याकडे पाहू लागली. "अहो, नातीच्या लग्नात नेसजो म्हणून देल्ली होती तिनं. जाताना शेवटचं तेच बोलली. नातीचं लग्न आता होऊन राह्यलं, मंग मी आधी कशी नेसू?"

या युक्तिवादात चूक काढता येण्यासारखी नव्हती. आईचे हे बोलणे तिने मला पूर्वी दोनदा तरी सांगितले होते. माझ्या नियमात सांगितलेल्या गोष्टींसाठी रकाना नव्हता.

"मंग आता हाय कुठं?"

"रोहीकडे."

ती हसली नाही. तीन दिवसांवर लग्न आले होते, आणि आईची साडी जंगलात हिंडत होती.

आम्ही दोघे आणि शेजारी, तिघेही वनविभागाच्या नाक्यावर गेलो. तेथला वनरक्षक माझाच विद्यार्थी. आम्हाला पाहताच त्याने टोपी सरळ केली.

"सर, व्हिडिओ मीबी पाह्यला, साऱ्या तालुक्यात फिरून राह्यला. पण अभयारण्यातून काहीबी उचलून नेता येत नाई. तुमीच शिकवलं होतं आमाले, पान सुदिक तोडू नका म्हणून."

"पान नाई रे बापा, माही साडी हाय!" पत्नी म्हणाली.

"काकू, अर्ज द्या. मी शोधतो."

मी तेथेच बसून अर्ज लिहिला. विषय: रोहीच्या अंगावरील साडी परत मिळणेबाबत. पत्नीने तो वाचला.

"अंगावरील? गळ्यातली लिहा. तुमी का त्याले ब्लाऊज शिवून देल्ला?"

मी दुरुस्ती केली. शेजारी नाक्याच्या मागे जाऊन हसला. आवाज मात्र पुढे आला.

शुक्रवार तसाच गेला. पत्नीने पर्याय म्हणून एक हिरवी साडी काढून ठेवली, पण तिच्याकडे वळून पाहिले नाही. मला जेवण मिळत होते, वाक्ये मिळत नव्हती.

शनिवारी दुपारी वनरक्षक साडी घेऊन मोटरसायकलवर आला. पाणवठ्याजवळ बोरीच्या काट्यांत ती अडकली होती. काठ शाबूत होते, पदराला वीतभर चीर होती, आणि साऱ्या साडीला कुसळे चिकटली होती. मी चष्मा लावून संध्याकाळपर्यंत एकेक कुसळ काढले. ते काम कोणी सांगितले नव्हते. पत्नीने चीर बारीक टाक्यांनी शिवली आणि रात्रीच्या शेवटच्या गाडीने आम्ही वडनेरला पोहोचलो.

लग्नात अक्षता पडल्या तेव्हा ती डाळिंबी साडीत नवरीच्या मागे उभी होती. जेवणाच्या पंगतीत एका पाहुणीने तिचा पदर हातात धरला.

"बाई, हे साडी मी कुठं तरी पाह्यली."

"मोबाईलात पाह्यली असन," पत्नी शांतपणे म्हणाली. "पयले त्यानं नेसली, मंग मी."

पंगतीतला हशा बराच वेळ थांबला नाही. तीही हसली. मीही हसावे की नाही, याचा मी अंदाज घेत होतो. तेवढ्यात तिने माझ्या पानात बुंदी वाढायला सांगितली, तेव्हा हसलो.

सोमवारी घरी परतल्यावर मी शेतावर गेलो. अठराव्या जागी शाली फडफडत होत्या. माझ्या निवृत्तीच्या सत्कारात मिळालेल्या, तीन. शेजारी खाली मान घालून बांबू ठोकत होता आणि पत्नी शेवटची गाठ आवळत होती.

"अहो, या माझ्या सत्काराच्या!"

"तीन वर्षांत एकदा तरी पांघरल्या का?"

"नाही."

"मंग?" तिने गाठ ओढून पाहिली. "गाठी जाऊन पाच मीटर भरतात. मी मोजलं."

मी फीत लावली. बरोबर पाच मीटर होते. हरभरा निघेपर्यंत त्या शालींना एकाही रोहीने तोंड लावले नाही.