कोटाचे खांदे

माझ्या प्रत्येक प्रदर्शनाच्या माहितीपत्रकात एक वाक्य ठरलेलं असतं: हा चित्रकार वास्तवाच्या पलीकडे गेला. वाचलं की डोकं फिरतं. पलीकडे कसला जातो! मी पळून आलो. कुठून, ते मला आणि माझ्या आईला माहीत आहे.

कोराडीला वीज केंद्राच्या वसाहतीत मी वाढलो. वडील कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यांच्या दुरुस्तीवर होते. चित्रकलेचं शिक्षण संपेपर्यंत वसाहतीत माझं नाव झालं होतं. कुणी गेलं की घरचे पासपोर्ट फोटो घेऊन येत. तेरवीला मोठं रंगीत चित्र हवं असे. तेवढ्या दिवसांत तैलरंग धड वाळत नाही. म्हणून मी एक युक्ती काढली. काळा कोट, पांढरा शर्ट, लाल टाय अशी धडं आधीच रंगवून वाळवून ठेवायची आणि माणूस गेला की त्यावर पातळ रंगात फक्त चेहरा बसवायचा. जन्मभर बुशशर्टात वावरलेली माणसं मेल्यावर कोटात दिसत. घरच्यांना ते फार आवडे. "आता बोलतीन असं वाटते," म्हणत. मी फुशारून जायचो. गालावरचा तीळसुद्धा चुकवत नव्हतो ना, मग झालो वास्तववादी!

मग वडील गेले. त्यांच्या गेटपासवरचा फोटो समोर ठेवून मी चेहरा रंगवला, तोही तयार धडांपैकी एकावर. सवयीचा हात, विचारसुद्धा केला नाही. तेरवीच्या सकाळी पाहुणे वाहवा करत होते. आई हार घेऊन चित्रासमोर आली आणि थांबली.

"चेहरा त्याईचाच हाय," ती म्हणाली. "पण हे खांदे कोणाचे हायेत गा?"

हत्यारांची जड पिशवी वर्षानुवर्षं वाहून वडिलांचा एक खांदा उतरला होता. पाठमोरे चालले असले तरी वसाहतीतले लोक लांबून त्यांना ओळखायचे. मी त्यांना शिंप्याच्या मापाचे सरळ खांदे दिले होते. हार तिने पाटावर ठेवून दिला. पुढच्या आठवड्यात आईने सीताबर्डीच्या फोटोवाल्याकडून गेटपासचाच फोटो मोठा करून आणला आणि भिंतीवर लावला. माझं चित्र कपाटामागे गेलं.

त्यानंतर माणूस काढायला बसलो की हात खांद्यापाशी अडायचा. मी खांदे सोडले, मग चेहरे सोडले. उरली नुसती पार्श्वभूमी. तिच्यात कोराडीच्या राखेचा करडा रंग भरत गेलो आणि रामदासपेठेतल्या कलादालनांमधल्या जाणकारांना त्यात मौन, शून्य आणि काय काय दिसू लागलं. मीही मान डोलावली. भित्रेपणाला एवढा मान मिळतोय म्हटल्यावर कोण नाही म्हणेल?

गेल्या हिवाळ्यात आई पहिल्यांदाच माझ्या प्रदर्शनाला आली. आता तिला नीटसं दिसत नाही. एका करड्या चित्राच्या अगदी जवळ जाऊन तिने विचारलं, "हे आपल्याकडची राख होय ना?"

मी हो म्हणालो.

"चांगली काढली. आता मी हाय तवरक तुह्या बाबाले काढून दे. त्याईचेच खांदे काढजो बरं."

दुसऱ्याच दिवशी कॅनव्हास लावला. चेहरा जमला. मान जमली. कोळशाची कांडी खांद्यावर आली आणि थांबली. डावा उतरला होता की उजवा? डोळे मिटून वडिलांना अंगणातून चालवून पाहिलं. डावा उतरलेला पाहिला, उजवा उतरलेला पाहिला; दोन्ही सारखेच खरे वाटले. शेवटी लाज सोडून आईला फोन केला.

"आई, बाबाचा कोणता खांदा खाली होता वं?"



"सायकलवर त्याईच्या मांगं बसून शाळेत जात होता तू," ती म्हणाली. "इतके वर्सं. तुह्या डोळ्यापुढं काय होतं मंग?"

तिने फोन ठेवला. खांदा सांगितला नाही. मला पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही.

त्याच कॅनव्हासवर मी राखेचा रंग चढवला. चेहरा पुरता बुजायला तीन हात द्यावे लागले. यंदाच्या प्रदर्शनात ते चित्र दारासमोरच लावलं आहे. लोक त्याच्यापुढे बराच वेळ उभे राहतात. आईला या वेळी मी बोलावलं नाही.